परमताचा आदर : तीन परंपरा आणि एक प्रश्न

‘सर्व धर्मांची शिकवण एकच’ हे वाक्य शाळेच्या प्रांगणापासून सभेच्या व्यासपीठापर्यंत आपण सर्वच ऐकत आलो आहोत. त्यामागील सद्भाव खरा आहे. परंतु या भूमीतील विचारवंतांनी धर्मांच्या विविधतेचे जे चिंतन केले, ते या एका वाक्यात मावत नाही. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. एकाच डोंगरात, एकाच काळ्या पाषाणात ती कोरली गेली. तरीही त्यांच्या निर्मात्यांची मते एक नव्हती. आत्मा आहे की नाही, ईश्वर जगाचा कर्ता आहे की नाही, वेद प्रमाण मानावेत की नाही, या मूलभूत प्रश्नांवर त्यांच्यात शतकानुशतके वाद झाले. म्हणून खरा प्रश्न असा की, ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याचा आदर करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे?

एक हत्ती, तीन धडे

आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट आपण बालपणी ऐकलेली असते. पाली साहित्यात ती ‘उदान’ ग्रंथातील तित्थसुत्तात येते. श्रावस्तीत निरनिराळ्या पंथांचे श्रमण व ब्राह्मण, जग शाश्वत आहे की अशाश्वत, अशा प्रश्नांवर एकमेकांना टोचून बोलत होते. ते कळल्यावर भगवान बुद्धांनी ही कथा सांगितली. ज्याच्या हाती डोके लागले त्याला हत्ती घागरीसारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा, सुळा लागला त्याला नांगराच्या फाळासारखा. आणि अखेरीस ते सारे मुठी उगारून भांडू लागले. येथे बुद्धांचा रोख अपुऱ्या अनुभवावर पूर्ण सत्याचा दावा करण्याच्या आसक्तीवर आहे. सर्व मते सारखीच खरी आहेत, असे ते म्हणत नाहीत.

जैन आचार्यांनी हीच कथा अनेकान्तवाद समजावण्यासाठी वापरली. वस्तूला अनंत अंगे असतात. प्रत्येक विधान एका विशिष्ट दृष्टीने, म्हणजे एका ‘नया’ने, खरे असते. म्हणून विधानापूर्वी ‘स्यात्’ हा शब्द योजावा, म्हणजे ते कोणत्या अपेक्षेने केले आहे याचे भान राहते. आठव्या शतकातील हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ या छोट्या ग्रंथात बौद्ध, न्याय, सांख्य इत्यादी दर्शनांचा परिचय निंदेवाचून करून दिला. तथापि समग्र सत्य केवलज्ञानी जिनालाच दिसते, ही जैनांची श्रद्धा त्यांनी सोडली नाही.

आधुनिक काळात रामकृष्ण परमहंसांनी हत्तीची कथा आणखी वेगळ्या अर्थाने सांगितली : ईश्वर एकच, भक्त त्याचे आपापल्या परीने वर्णन करतात. या विचाराची मुळे जुनी आहेत. इंद्र, मित्र, वरुण ही एकाच सत्याची नावे असल्याचा आशय ऋग्वेदातील एका प्रसिद्ध ऋचेत आहे. ती ऋचा मुळात वैदिक देवतांविषयी आहे. सर्व धर्मांना ती लावण्याची प्रथा पुष्कळ नंतरची. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातही अन्य देवतांचे पूजन अखेर श्रीकृष्णालाच पोहोचते, मात्र ते विधीला धरून नसते, असा विचार आहे.

पंगतीतील जागा कोण ठरवतो?

या शेवटच्या विचारात औदार्य आहे, यात शंका नाही. त्याने कोणालाही पंगतीबाहेर ठेवले नाही. पण कोणी कोठे बसावयाचे, हे मात्र यजमानच ठरवतो. माधवाचार्यांच्या नावावर असलेल्या चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात आरंभ चार्वाकापासून होतो, त्यानंतर बौद्ध, मग जैन, आणि शिखरावर अद्वैत वेदान्त येतो.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, दुसऱ्याला सामावून खालची जागा देण्याची ही रीत केवळ एका परंपरेची नाही. पाली सुत्तांत ब्रह्मा आणि शक्र हे बुद्धांपुढे हात जोडून उभे असतात. जैन रामायणांत राम हा जिनधर्माचा अनुयायी आहे. पुराणांनी बुद्धाला विष्णूचा अवतार केले; काही पुराणांत तर असुरांना मोहात पाडण्यासाठी घेतलेला अवतार ठरविले. मराठी संतांनी विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले, त्यात मात्र मोहापेक्षा ममत्व अधिक आहे.

तरीही ज्याला सामावून घेतले जाते, त्याची संमती विचारली जात नाही; आणि जेथे समाजच उतरंडीवर उभा आहे, तेथे हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा न राहता माणसाच्या प्रतिष्ठेचा होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारणारी प्रतिज्ञा आहे. तिच्याकडे परधर्माचा द्वेष म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. ‘आम्ही कोण, हे आम्ही सांगू’ असा तो स्वाभिमानाचा उद्घोष आहे. वेगळेपण मान्य न करता केलेला आदर अपुरा असतो, हे त्या प्रतिज्ञेने आपल्याला शिकविले.

उपालीचे दार, अशोकाची शिळा

मग वेगळेपण राखून सौहार्द कसे राखावे? मज्झिमनिकायातील उपालीसुत्त याचे उत्तर आचरणातून देते. नालंदेचा धनाढ्य गृहस्थ उपाली हा निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन श्रमणांचा, उपासक होता. बुद्धांना वादात हरवावयास तो गेला आणि त्यांचे म्हणणे पटून त्यांचा उपासक झाला. तेव्हा बुद्धांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, निर्णय पूर्ण विचार करून घ्यावा. दुसरी, त्याचे घर दीर्घकाळ निर्ग्रंथांना पाणवठ्यासारखे राहिले आहे, तेव्हा त्यांना भिक्षा देणे त्याने थांबवू नये. मत बदलले, पण दार बंद झाले नाही.

सम्राट अशोकाचा बारावा शिलालेख हाच विचार राज्यकर्त्याच्या भाषेत मांडतो. सर्व पंथांच्या सारतत्त्वाची वृद्धी व्हावी आणि तिचे मूळ वाणीचा संयम हे आहे, असे तो सांगतो. भक्तीच्या भरात स्वपंथाची स्तुती आणि परपंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो. म्हणून लोकांनी एकत्र यावे, परस्परांचा धर्म ऐकावा आणि बहुश्रुत व्हावे.

निवासी शाळेत निरनिराळ्या घरांतील मुले एका ओळीत झोपतात, एका पंगतीत जेवतात. त्यांना आम्ही काय शिकवावे? प्राचीन वादपद्धतीत स्वमत मांडण्यापूर्वी ‘पूर्वपक्ष’, म्हणजे प्रतिपक्षाचे मत, मांडण्याची शिस्त होती. मित्राचा धर्म मित्राला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येणे, ही आदराची पहिली कसोटी आम्ही मानतो. न पटलेले नम्रपणे ‘पटले नाही’ असे म्हणता येणे ही दुसरी. आणि तसे म्हटल्यावरही ताटातला घास वाटून घेता येणे ही तिसरी. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी या तीन कसोट्या लावून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे. सर्व वाटा एकाच ठिकाणी जातात की नाही, यावर आपले मतभेद राहतील. वाटेवर तहानलेला भेटला तर पाणी द्यावे, यावर ते राहू नयेत.