खो-खोचा पाठ : डाव थोडे, खेळ सर्वांचा

भिवापूर परिसरातील शाळेच्या पटांगणावर खो-खो मांडावयास फारसे साहित्य लागत नाही. दोन खांब, चुन्याच्या किंवा राखेच्या रेघा आणि मुले एवढे असले की खेळ सुरू होतो. तथापि पुष्कळदा असे दिसते की, तासभर खेळ चालूनही मधल्या चौकोनात बसलेल्या एखाद्या मुलाला एकदाही खो मिळत नाही. तो मुलगा उन्हात बसून राहतो, उठतो आणि पुढील आठवड्यात खेळाच्या तासाला काही ना काही निमित्त सांगतो. त्याला खेळ आवडत नाही असे नव्हे. खेळ त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. याचे कारण बहुधा शिकविण्याच्या पद्धतीत सापडते.

उद्देश

साखळी, दुहेरी साखळी, गोल, हुलकावणी, खांबावरचा सूर असे डाव मोठ्या स्पर्धांत शोभतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे देशी खेळांचे दर्शन जगाला घडविले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. ही परंपरा मुलांना अवश्य सांगावी. परंतु नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे सर्व डाव एकदम शिकवू नयेत. धावता धावता त्याच्या ध्यानात दोन-तीन गोष्टीच राहतात. चौथी सांगितली की पहिलीही निसटते.

पाठाची मांडणी

पूर्ण खेळात आठ खेळाडू बसतात, एक पाठलाग करतो व तीन पळतात. म्हणजे बत्तीस मुलांच्या वर्गात बारा खेळतात आणि वीस पाहत राहतात. त्याऐवजी चार लहान क्रीडांगणे आखावीत. प्रत्येक ठिकाणी चार मुले बसतील, एक पाठलाग करील व दोन पळतील. अठ्ठावीस मुले खेळात राहतील आणि उरलेली चार पंच होतील. पंच दर डावाला बदलावेत. काळ्या जमिनीवरील ढेकळे व खडे आधी वेचून घ्यावेत, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या असल्यास त्या बुजवाव्यात.

पहिली पायरी : तीन वाक्ये

पाठलाग करणाऱ्याला तीनच वाक्ये शिकवावीत.

१. ज्याची पाठ आपल्याकडे, त्यालाच खो.
२. पळणारा पलीकडे गेला की खो.
३. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळणे नाही.

पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र येते. म्हणून पळणारा पलीकडे गेला की त्या बाजूस तोंड करून बसलेल्या गड्याला उठविणे हाच उपाय उरतो. मुलांना हे कारण एकदा समजले की नियम पाठ करावा लागत नाही. प्रथम हे चालत करून घ्यावे, मग धावत. चूक झाल्यास गुण न कापता खेळ थांबवावा, योग्य कृती करून दाखवावी व तेथूनच पुढे चालू करावा.

दुसरी पायरी : एकच साखळी

पळणाऱ्यांना एकेरी साखळी तेवढी शिकवावी. बसलेल्या प्रत्येक दोघांमधून वळसे घेत जाणे, एवढेच तिचे स्वरूप. ती सर्व मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत दुसरा डाव सांगू नये. सूर मारणे लहान वयात व कठीण जमिनीवर वर्ज्यच समजावे.

तिसरी पायरी : जागांची फेरपालट

खांबाजवळच्या जागी चपळ मुले व मध्यभागी मंद मुले, अशी वाटणी आपोआप होते. ती मोडण्यासाठी प्रत्येक डावानंतर सर्वांनी एकेक चौकोन पुढे सरकावे. सर्वांना निदान एकदा खो मिळाल्यावाचून डाव पुरा झाला असे मानू नये. ह्या एका अटीने खेळणारी मुले स्वतःच बसलेल्या गड्याकडे पाहू लागतात.

पडताळा

पाठ साधला की नाही हे सर्वांत चपळ मुलावरून ठरवू नये. सर्वांत मागे पडणाऱ्या मुलास जवळ बोलावून त्याच्याच शब्दांत तीन वाक्ये सांगावयास लावावे. त्याला सांगता आली नाहीत, तर सांगितलेले जास्त झाले असे समजून एखादी गोष्ट कमी करावी. मिरचीच्या हंगामात किंवा अन्य कारणाने मुलांची हजेरी कमी-अधिक झाली, तरी थोडक्या डावांचा खेळ विस्कटत नाही. आज आलेले मूल कालच्या मुलाची जागा घेऊ शकते.

समारोप

खेळ सोपा केला म्हणजे तो हलका झाला, अशी शंका काही शिक्षकांस येते. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये गड्याला खाली पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची फीत ओढून घेण्याचा एक सोपा प्रकार आहे. त्याचा समावेश २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये करण्यात आला आहे. सोपेपणाने त्या खेळाची प्रतिष्ठा उणावली नाही. दुहेरी साखळी आणि हुलकावणी पुढे केव्हाही शिकता येईल. मात्र मधल्या चौकोनातून निराश होऊन उठलेले मूल पुन्हा पटांगणावर आणणे कठीण असते. म्हणून डाव थोडे शिकवावेत आणि खो प्रत्येकाच्या पाठीपर्यंत पोहोचेल, इकडे लक्ष द्यावे.