मूळ राखावे, फळ वाटावे : वक्फ आणि वस्तीचे अर्थजीवन

दानधर्माचा विषय निघाला की प्रथम देणारा हात आणि घेणारा हात डोळ्यांसमोर येतो. हे चित्र खरे असले तरी अपुरे आहे. देणारा मातीआड गेल्यावरही ज्यात देणे चालू राहते, असाही दानाचा एक प्रकार इस्लामने शिकविला आहे. त्यास वक्फ म्हणतात. आज आपण ज्यांना धर्मादाय संस्था म्हणतो, ती शाळा, वसतिगृहे, दवाखाने, मुसाफिरखाने आणि अन्नछत्रे मुस्लिम समाजात शतकानुशतके मुख्यतः वक्फच्याच आधाराने उभी राहिली. अशी संस्था गरिबाचे पोट भरते, आणि त्याबरोबर परिसराचा रोजगार, बाजार व शेजारधर्मही सांभाळते. हे ती कसे करते आणि कोणत्या कारणाने तिचे बळ सरते, हे या पाठात पाहू.

खैबरची जमीन

हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली. इतकी मोलाची मालमत्ता त्यांना पूर्वी कधी लाभली नव्हती. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आला आहे. प्रेषितांच्या सल्ल्याचा आशय असा, की मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे. त्यानुसार ती जमीन विकता येणार नाही, बक्षीस देता येणार नाही, वारसांत वाटता येणार नाही, असे ठरले. उत्पन्न गरीब, नातलग, गुलामांची मुक्ती, वाटसरू आणि पाहुणे यांच्यासाठी राखले गेले. व्यवस्था पाहणाऱ्याने रिवाजाप्रमाणे त्यातून खावे, मात्र धन साठवू नये, अशीही अट होती.

संस्थेची तीनही अंगे या एका प्रसंगात आली आहेत : अभंग मुद्दल, ठरलेले लाभार्थी आणि व्यवस्थापकाचा माफक मोबदला. तिसऱ्या अंगाविषयी आपल्या समाजात अकारण संकोच आढळतो. वास्तविक सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत जकातीचे काम करणारे कर्मचारीही आहेत. सेवेचे काम करणाऱ्यास योग्य वेतन देणे हा दानाचा अपव्यय नव्हे. दान योग्य जागी पोहोचविण्याचाच तो एक भाग आहे.

बैतुल मुकद्दसचा मुदपाकखाना

उस्मानी सुलतान सुलेमान यांच्या पत्नी हुर्रम सुलतान यांनी १५५२ च्या सुमारास बैतुल मुकद्दस, म्हणजे जेरुसलेम येथे एक मोठा वक्फ स्थापिला. मशीद, ५५ खोल्यांचा मुसाफिरखाना आणि मोठा मुदपाकखाना असा त्याचा विस्तार होता. खर्चासाठी पॅलेस्टाइनमधील कित्येक खेड्यांचा महसूल नेमून दिला होता. सुमारे ४०० गरिबांना तेथे रोज दोन वेळा अन्न मिळे. सामान्य दिवशी सकाळी तांदळाची आणि संध्याकाळी दलियाची पेज असे.

या अन्नछत्राला सुमारे ५० नोकरांची गरज लागली. हिशेबनीस, आचारी, भटारी, धान्य निवडणारे, भांडी घासणारे, पहारेकरी, या सर्वांची घरे त्यावर चालत. शिवाय जेवणारा गरीब आणि उतरलेला यात्रेकरू यांचे जे पैसे वाचत, ते शहराच्या बाजारातच अन्यत्र खर्च होणार. म्हणजे एकाच वक्फातून तिहेरी लाभ झाला : भुकेल्याला अन्न, कष्टकऱ्याला वेतन आणि बाजाराला गिऱ्हाईक. आजच्या धर्मादाय शाळेचेही असेच आहे. तेथे शिक्षक आणि शिपाई यांना रोजी मिळते, गणवेश शिवणाऱ्याला काम मिळते आणि मुलाच्या शुल्कासाठी बापाला व्याजाचे कर्ज काढावे लागत नाही. वाचलेले ते व्याज आपण कोणत्याही वहीत लिहीत नाही, परंतु वस्तीच्या बरकतीत त्याचा वाटा मोठा असतो.

आपल्याजवळची पाणचक्की

याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की अठराव्या शतकातली. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातून मातीच्या नळांनी कित्येक किलोमीटर पाणी आणून त्याच्या जोरावर जाते फिरविले गेले. येणारे यात्रेकरू, विद्यार्थी आणि निराधार यांच्यासाठी त्यावर पीठ दळले जाई. सहलीला जाणारे हौद पाहतात आणि परततात. त्यांनी जात्यापाशीही थोडे थांबावे. जेवणाऱ्यांची पंगत रोजची असेल तर दळण्याची सोयही कायमची हवी, हे ते बांधणाऱ्यांनी जाणले होते.

फळ कोठे जाते?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार तेव्हा देशात ४.९ लाखांहून अधिक नोंदणीकृत वक्फ होते आणि त्यांच्याकडे सुमारे ६ लाख एकर जमीन होती. या मालमत्तेची कागदोपत्री किंमत सुमारे ६,००० कोटी रुपये आणि वार्षिक उत्पन्न मात्र सुमारे १६३ कोटी, म्हणजे जेमतेम २.७ टक्के होते. बाजारभावाने किंमत धरली आणि नीट व्यवस्था झाली, तर हेच उत्पन्न १२,००० कोटींपर्यंत जाऊ शकेल, असा समितीचा अंदाज होता.

या तफावतीची कारणे अनेक आहेत. अतिक्रमणे आहेत, न्यायालयांत अडकलेले दावे आहेत, सरकारी कार्यालयांकडे असलेल्या जमिनीही आहेत. पण एक कारण आपल्या अगदी जवळचे आहे. ते म्हणजे मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या मालकीचे, आजोबांच्या काळच्या भाड्यावर चालणारे दुकान. शेजारचा दुकानदार खाजगी मालकाला हजारो रुपये मोजतो आणि वक्फचा भाडेकरू शेदोनशे देऊन मोकळा होतो. अनेकदा तो नमाजी असतो, दानशूरही असतो. रमजानमध्ये तो हजारांची देणगी देतो आणि वर्षभर गरिबांच्या हक्काचे त्याहून अधिक स्वतःकडे ठेवतो.

हनफी फिक्हचा या बाबतीतला नियम स्पष्ट आहे. वक्फची मालमत्ता उजरत-ए-मिस्ल, म्हणजे तशाच जागेच्या प्रचलित भाड्याने द्यावी. त्याहून फारच कमी भाड्याचा करार वैध नाही, आणि ती तूट भरून देण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. करार दीर्घ मुदतीचा झाल्यास कालांतराने भाडेकरू स्वतःला मालक समजू लागेल, या भीतीने फकीहांनी घरांसाठी साधारणतः एक वर्ष आणि शेतजमिनीसाठी तीन वर्षे अशी मर्यादा सुचविली. भाडेनियंत्रण कायद्याने एखाद्याला जुन्या भाड्याची मुभा दिलीही असेल. परंतु कायद्याची मुभा म्हणजे अल्लाहसमोरची सुटका नव्हे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, जकात आणि वक्फ यांची गल्लत करू नये. बहुसंख्य फकीहांच्या मते जकात हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे. ती मशिदीच्या किंवा शाळेच्या इमारतीत घालता येत नाही. संस्था उभी करायची तर ती ऐच्छिक सदक्यातून आणि वक्फातून. म्हणून घरातील वार्षिक दानाचा विचार करताना जकात अदा झाल्यावर काही भाग अशा कामासाठी राखावा, जे पुढच्या वर्षीही चालू असेल.

दुसरी गोष्ट, हिशेब मागावा आणि मागणाऱ्याला फितनेखोर ठरवू नये. जमातीचा वार्षिक जमाखर्च लेखापरीक्षण करून घेऊन सर्वांसमोर वाचला जावा. प्रामाणिक मुतवल्लीला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही, कारण हिशेबच त्याच्यावरील संशय दूर करतो.

तिसरी गोष्ट, आपण वक्फचे भाडेकरू असू तर कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतः होऊन प्रचलित भाडे देऊ करावे. त्या एका दुकानाच्या वाढीव भाड्यातून एखाद्या यतीम मुलीचे वर्षाचे शिक्षण होऊ शकते.

हजरत उमर (रजि.) यांनी आपली सर्वांत प्रिय जमीन दिली. आपल्यापैकी अनेकांना तर केवळ दुसऱ्याने दिलेली जमीन राखायची आहे. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत ओळखण्याची आणि निभावण्याची तौफीक देवो. आमीन.