महानगराचे पाणी : चेन्नईचा धडा

नळाची चावी फिरविली की पाणी येते, ही गोष्ट शहरवासीयांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की त्यामागे केवढी योजना उभी आहे याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो विचार येतो तो पाणी येईनासे झाल्यावर. चेन्नई शहरावर अशी वेळ २०१९ च्या उन्हाळ्यात आली. विशेष हे, की त्याच शहराने अवघ्या चार वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१५ मध्ये, महापुराचा तडाखा सोसला होता. एवढ्या थोड्या अवधीत अतिवृष्टी आणि अवर्षण ही दोन्ही संकटे एकाच शहरावर का यावीत, आणि त्यांना तोंड देण्यासाठी पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेने काय करावे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

सरासरीचा भ्रम

चेन्नईत वर्षाकाठी सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. हे प्रमाण मुळीच अल्प नाही. परंतु देशाच्या बहुतेक भागांना नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस देतात, तर चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर व बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर येतो. वादळे आली तर धो धो पाऊस पडतो. ती दुसरीकडे वळली तर वर्ष कोरडे जाते. १ डिसेंबर २०१५ च्या पावसात शहरालगतच्या तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे वर्षाच्या सरासरीचा तिसरा हिस्सा एका दिवसात कोसळला.

हवा तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती वाढते. ही वाढ दर अंश सेल्सिअसला सुमारे ७ टक्के असते. म्हणून पृथ्वीचे तपमान वाढत जाईल तसतशा मुसळधार सरी अधिक जोरकस होतील आणि कोरड्या काळात जमिनीतील ओलही अधिक वेगाने उडून जाईल. सारांश, सरासरी तीच राहिली तरी तिच्या दोन्ही बाजूंचे झोके मोठे होतात. आणि माणसाची तहान सरासरीवर भागत नाही.

जलाशय : भरलेला की रिकामा?

शहराला पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबक्कम या चार जलाशयांचा आधार आहे. त्यांची एकंदर साठवणशक्ती सुमारे ११,००० दशलक्ष घनफूट आहे. त्यांची व्यवस्था १९७८ मध्ये स्थापन झालेले चेन्नई महानगराचे जलप्रदाय व मलनिःसारण मंडळ आणि राज्याचे जलसंपदा खाते यांच्याकडे विभागलेली आहे.

उथळ जलाशयाच्या व्यवस्थापनात एक अवघड पेच असतो. उन्हाळ्यासाठी साठा हवा, म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय काठोकाठ भरलेला असावा. उलट पूर अडवावयाचा तर त्यात रिकामी जागा असावी. २०१५ मध्ये चेंबरंबक्कम जवळजवळ भरलेले असतानाच अतिवृष्टी झाली. दर सेकंदाला सुमारे २९,००० घनफूट पाणी अडयार नदीत सोडण्यात आले, आणि नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. पुढे २०१८ चा ईशान्य मोसमी पाऊस अपुरा झाला, आणि जून २०१९ मध्ये चारही जलाशयांतील साठा शक्तीच्या एका टक्क्याहूनही खाली गेला. रोजचा पुरवठा सुमारे ८३ कोटी लिटरवरून ५२ कोटींच्या आसपास आणावा लागला.

त्या जुलैमध्ये जोलारपेट्टै येथून रेल्वेने पाणी आणण्यात आले. पन्नास वाघिणींच्या पहिल्या गाडीने २५ लाख लिटर पाणी आणले. आकडा मोठा वाटतो. पण त्या घटविलेल्या पुरवठ्याच्याही तो अर्ध्या टक्क्याइतकाच होता. ऐनवेळच्या धावपळीने महानगराची तहान भागत नाही, हे या एका भागाकारावरून उघड होते.

दूरचे पाणी

जवळचे पाणी पुरेना, तेव्हा दूरचे शोधले गेले. महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या कृष्णाकाठच्या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५,००० दशलक्ष घनफूट पाणी चेन्नईला देण्याचे १९७६ मध्ये मान्य केले. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या कृष्णेचे पाणी कालव्याने १९९६ मध्ये पूंडीला पोहोचले. पुढे २००४ मध्ये दक्षिणेकडील वीराणम तलावाचे पाणी दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळाने आणण्यात आले.

या योजनांनी शहराला मोठा आधार दिला, परंतु त्यांनाही मर्यादा आहे. दूरच्या नदीचे पाणी हेही अखेर पावसाचेच पाणी. तेथे दुष्काळ पडला की पहिला हक्क तेथील शेतकऱ्याचा असतो, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही.

समुद्राचे पाणी आणि त्याचे मोल

समुद्र कधी आटत नाही. या विचाराने मिंजूर येथे २०१० मध्ये आणि नेम्मेली येथे २०१३ मध्ये दररोज प्रत्येकी दहा कोटी लिटर गोडे पाणी देऊ शकणारे कारखाने सुरू झाले. नेम्मेलीलाच रोज पंधरा कोटी लिटरचा दुसरा कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. या कारखान्यांत समुद्राचे पाणी प्रचंड दाबाने एका सूक्ष्म पटलावर ढकलले जाते. पटलातून पाणी पार होते. मीठ मागे राहते. या क्रियेला व्यस्त परासरण म्हणतात. २०१९ मध्ये जलाशय आटले, पण समुद्राकडून येणारा ओघ चालू राहिला.

मात्र हे पाणी महाग असते. एक घनमीटर पाणी गोडे करण्यास साधारणपणे तीन ते चार युनिट वीज लागते. म्हणजे दहा कोटी लिटरच्या कारखान्याला दररोज तीन ते चार लाख युनिट वीज हवी. ही वीज कोळसा जाळून निर्माण केली, तर ज्या तापमानवाढीपासून शहराचा बचाव करावयाचा तिच्यातच भर पडते. शिवाय मागे राहिलेले अतिखारट पाणी समुद्रातच सोडावे लागते. संकटात तग धरणे ही एक गोष्ट, आणि निसर्गाचे मुद्दल न खाता त्याच्या व्याजावर निर्वाह करणे ही दुसरी. या दोन गोष्टी नेहमीच एका दिशेने जात नाहीत, आणि पाणीपुरवठ्याच्या शास्त्रातील खरी कसोटी येथेच लागते.

वापरलेले पाणी

शहरात पाऊस पडो वा न पडो, सांडपाणी रोज निर्माण होते. त्याअर्थी तेही एक खात्रीचे साधन आहे. मणली येथील तेलशुद्धीकरण व खत कारखाने १९९० च्या दशकापासून शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरीत आले आहेत. कोडुंगैयूर व कोयंबेडू येथे २०१९ मध्ये प्रत्येकी दररोज साडेचार कोटी लिटर सांडपाणी उच्च प्रतीपर्यंत शुद्ध करून उद्योगांना देणारी केंद्रे सुरू झाली. कारखान्याने असे पाणी घेतले की तेवढेच गोडे पाणी घरांसाठी मोकळे होते. सांडपाण्यात मीठ समुद्राच्या मानाने फारच थोडे असल्याने त्याला वीजही कमी लागते. मैल्याच्या गाळापासून निघणाऱ्या ज्वलनशील वायूवर चेन्नईच्या मलशुद्धीकरण केंद्रांत वीजही निर्माण केली जाते.

छपरावरचे पाणी

सर्वांत स्वस्त पाणी छपरावर पडते. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षात १,४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,४०,००० लिटर पाणी होते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १,१२,००० लिटर उरते. शासकीय मानकाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर धरल्यास चौघांच्या कुटुंबाला ते सुमारे २०७ दिवस पुरेल. एवढे पाणी घरातील टाकीत मावणार नाही. म्हणून ते गाळणखड्ड्यातून जमिनीत मुरवावयाचे असते.

किनाऱ्यावर या मुरलेल्या पाण्याचे महत्त्व दुहेरी आहे. भूगर्भात गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. अतिउपशाने ती पातळी एक मीटर उतरली, की खालून खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. मिंजूरच्या परिसरातील विहिरी अशाच खाऱ्या झाल्या. आणि एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास फार काळ लागतो.

क्रम कोणता?

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे, की कोणतेही एक साधन पुरेसे नाही, आणि सर्व साधने सारखीही नाहीत. गळती थांबविणे, पावसाचे पाणी मुरविणे, तलाव व दलदली राखणे आणि सांडपाणी पुन्हा वापरणे ही कामे प्रथम करावीत, कारण त्यांत निसर्गाचे मुद्दल वाढते. दलदली तर पुराचे पाणी स्वतःत सामावून घेतात. म्हणूनच शहराच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणै दलदलीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमीचा दर्जा मिळाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. समुद्राचे पाणी हे आणीबाणीचे राखीव दल होय. ते हाताशी असावे, पण त्याच्या भरवशावर विहिरी आणि तलाव यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

टंचाईचा पहिला घाव नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या, टँकरची वाट पाहत घागरी रांगेत लावणाऱ्या कुटुंबावर पडतो. ज्या व्यवस्थेत अवर्षणाच्या वर्षीही त्या घागरी भरतात, तीच खरी टिकाऊ व्यवस्था म्हणावी.

अभ्यासासाठी : आपल्या शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा. गावाच्या सरासरी वार्षिक पावसावरून त्या छपरावर किती लिटर पाणी पडते ते काढा. ते पाणी सध्या कोठे जाते, याचा शोध घ्या.