दिव्याच्या काचेआडचे पाणी

प्रस्तावना

थंड पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की थोड्याच वेळात त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमतात. तांब्या गळत नसतो. ते पाणी भोवतालच्या हवेतून आलेले असते. कंदील पेटवला की ज्योतीतून निघालेली वाफ थंड काचेवर बसते आणि काच क्षणभर धूसर होते. काच तापली की ती पुन्हा स्वच्छ दिसते. मोटारीच्या पुढच्या दिव्यातही असेच घडते. हा साधा निसर्गनियम ठाऊक नसल्यामुळे कित्येकदा चांगला दिवा टाकून दिला जातो आणि खरोखर बिघडलेला दिवा तसाच वापरला जातो. या पाठात चेन्नईतील एग्मोर या भागाच्या संदर्भाने या नियमाची ओळख करून घेऊ.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• काचेवर दव का धरते, हे सांगता येईल;
• नैसर्गिक धूसरपणा आणि गळती यांतील फरक ओळखता येईल;
• योग्य आणि अयोग्य उपाय यांची तुलना करता येईल;
• माहितीपर लेखनातील कार्यकारणसंबंध ओळखता येईल.

मूळ पाठ

१. समुद्राकाठची हवा

चेन्नई हे बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेले शहर. येथील हवा वर्षातील बहुतेक काळ दमट असते. महाराष्ट्रात पाऊस ओसरतो त्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो. शहराच्या मध्यभागी असलेल्या एग्मोरला लागून, कूवम नदीच्या काठी, पुदुपेट ही वस्ती आहे. जुन्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी ती प्रसिद्ध आहे. दरवाजे, आरसे, दिवे असे भाग जुन्या गाड्यांतून काढून तेथे विकले जातात. अशा बाजारात आतून ओलसर झालेला दिवा हाती आला, तर तो घ्यावा की नाही, हा प्रश्न गिऱ्हाईक आणि कारागीर या दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

२. दिवाही श्वास घेतो

पुढचा दिवा पूर्णपणे बंद असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. दिवा लागला की आतील हवा तापून प्रसरण पावते. तिला वाट मिळाली नाही, तर सांध्यांवर ताण येईल. म्हणून दिव्याच्या मागील बाजूस लहान वायुछिद्रे ठेवलेली असतात. त्यांवर वाकडी रबरी नळी किंवा पातळ पडदा असतो. दिवा विझला की आतील हवा आकुंचन पावते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. या हवेबरोबर बाष्पही आत जाते.

हवेची बाष्प सामावून घेण्याची शक्ती तापमानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. आता पावसाच्या सरीने दिव्याची पुढची काच २५ अंशांपर्यंत थंड झाली, असे समजू. या तापमानाला हवेत सुमारे २३ ग्रॅमच बाष्प मावते. उरलेले बाष्प काचेवर सूक्ष्म कणांच्या रूपाने बसते. या क्रियेला सांद्रीभवन म्हणतात आणि ज्या तापमानाला ती सुरू होते, त्यास दवबिंदू म्हणतात.

३. धूसरपणा की गळती?

वरील हिशेबाचा खरा उपयोग पुढेच आहे. दिव्याच्या आत पाच लिटर हवा आहे असे धरले, तर तिच्यातून सुटणारे पाणी सुमारे पाच मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम दहावा हिस्सा भरते. एवढेसे पाणी काच धूसर करण्यास पुरेसे आहे. परंतु तळाशी चमचाभर पाणी साचवण्याचे सामर्थ्य त्यात नाही. त्यामुळे काचेच्या एका भागावर पातळ धुके असेल आणि दिवा लावून गाडी काही वेळ चालवल्यावर ते विरत असेल, तर दिवा बहुधा निर्दोष असतो. मात्र मोठे थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी हिंदकळत असेल किंवा धूसरपणा दिवसेंदिवस जात नसेल, तर पाणी बाष्परूपाने नव्हे, पाणी म्हणूनच आत शिरले आहे किंवा वायुछिद्रे तुंबली आहेत, असे समजावे.

एलईडी दिव्यांत धूसरपणा अधिक वेळ टिकतो. हॅलोजन दिवा पुढच्या काचेकडे बरीच उष्णता फेकतो. एलईडीची उष्णता मुख्यतः मागील बाजूस जाते. म्हणून केवळ वेळ अधिक लागला, एवढ्यावरून दोष ठरवू नये.

डिसेंबर २०१५ मधील महापुरात आणि डिसेंबर २०२३ मधील ‘मिचौंग’ चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईत असंख्य वाहने पाण्यात उभी होती. पाण्यात बुडालेल्या गाडीचा दिवा विकत घेताना आत चिखलाची रेघ आहे का, परावर्तकावर डाग आहेत का आणि जोडणीच्या पिना हिरवट पडल्या आहेत का, हे पाहणे हिताचे असते.

४. संग्रहालयाची साक्ष

हिरवट पिनांचा धागा एग्मोरच्याच एका नामांकित संस्थेपर्यंत जातो. १८५१ साली स्थापन झालेले शासकीय संग्रहालय येथील पँथिऑन मार्गावर आहे. दक्षिण भारतीय कांस्यमूर्तींच्या संग्रहासाठी ते ओळखले जाते. १९३० साली तेथे रासायनिक जतनाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि एस. परमशिवन यांनी गंजलेल्या कांस्यमूर्तींवर विद्युतरासायनिक पद्धतीने उपचार केले. जमिनीत पुरलेल्या मूर्तींत क्षार मुरलेले असतात. त्यांना ओलावा मिळाला की तांबे पोखरले जाऊन फिकट हिरवी भुकटी सुटते. दिव्याच्या पिनांतही बहुधा तांब्याचाच मिश्रधातू असतो. खारट, दमट हवेपुढे शेकडो वर्षांची मूर्ती आणि कालची पिन यांत भेद नाही.

बंद काचपेटीतील आर्द्रता शोषण्यासाठी संग्रहालयांत सिलिका जेल वापरतात. ते पाहून कोणी दिव्यातही त्याच्या पुड्या ठेवतात. परंतु काचपेटी सहसा घट्ट बंद असते, दिवा श्वास घेतो. नवे बाष्प सतत येत राहिल्याने पुडी लवकरच संपृक्त होते. कारण तेच असले, तरी उपाय परिस्थिती पाहूनच योजावा लागतो.

५. उपाय आणि अपाय

प्रथम दिवा बंद करून थंड होऊ द्यावा. मागील रबरी टोपी नीट बसली आहे का, ते पाहावे. बल्ब बदलल्यानंतर ती तिरपी राहणे हे ओलाव्याचे नेहमीचे कारण असते. वायुछिद्रांतील चिखल व कोळ्याची जाळी काढावीत. नंतर कोरड्या दिवशी टोपी उघडी ठेवून दिवा वाळवावा. केस वाळवण्याच्या यंत्राची मंद उष्ण हवाही चालते. प्रखर उष्णतेने मात्र प्लास्टिक वाकते. काचेला तडा असेल किंवा सांधा सुटला असेल, तर आधी दिवा पूर्ण कोरडा करून मगच सांधा बंद करावा. हॅलोजन बल्बच्या काचेस बोट लावू नये आणि परावर्तक फडक्याने पुसू नये. त्याचा चकचकीत थर अतिशय पातळ असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वायुछिद्रेच चिकट लेपाने बुजवणे. त्यामुळे आतील ओल कायमची कोंडली जाते. काचेला भोक पाडल्यास पाणी आणि धूळ यांना नवी वाट मिळते.

ओलसर काचेमुळे प्रकाश विखुरतो. चालकाला रस्ता कमी दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाचा जीव त्या प्रकाशावर अवलंबून असतो. म्हणून ‘हा दिवा चांगला आहे, बदलू नका’ आणि ‘हा दिवा गळतो आहे, तसाच वापरू नका’, ही दोन्ही वाक्ये योग्य वेळी सांगू शकणारा कारागीर गिऱ्हाइकाचा पैसा वाचवतो आणि परक्याचा जीवही.

शब्दार्थ

सांद्रीभवन – बाष्पाचे पाण्यात रूपांतर होणे
संपृक्त – आणखी सामावून घेऊ न शकणारे
परावर्तक – प्रकाश परत फेकणारा पृष्ठभाग

पाठगत प्रश्न

१. दिव्याला वायुछिद्रे का ठेवलेली असतात?
२. चूक की बरोबर ते सांगा: दिव्यात धूसरपणा दिसताच दिवा बदलावा.
३. ‘दिवा श्वास घेतो’ या वाक्यात कोणता अलंकार आहे?

पाठान्त प्रश्न

१. दिव्याच्या तळाशी साचलेले पाणी केवळ हवेतील बाष्पाचे नसते, हे पाठातील हिशेबाच्या आधारे स्पष्ट करा.
२. संग्रहालयाची काचपेटी आणि मोटारीचा दिवा यांतील साम्य व भेद लिहा.
३. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परंतु’ या उभयान्वयी अव्ययांची पाठातील प्रत्येकी एक वाक्ये शोधा.
४. आपल्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी दिसणाऱ्या सांद्रीभवनाच्या एका उदाहरणाचे आठ ते दहा ओळींत वर्णन करा.