सही करण्याआधी शाळा फिरून घे

आता मुख्याध्यापकांच्या खुर्चीत तू बसणार, तर आगीच्या तपासणीबद्दल चार गोष्टी कानावर घालतो. परिपत्रकात त्या सापडायच्या नाहीत.

आधी कायद्याचं. महाराष्ट्राच्या 2006च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा लायसन्स्ड एजन्सीचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाकडे जायला हवा. सगळे ‘वार्षिक तपासणी’ म्हणतात आणि मग एका खेपेचा कागद राहून जातो. खासगी शाळेत खर्चाला मंजुरी संस्था देते आणि कार्यकारिणीची बैठक काही आपल्या सोयीनं भरत नाही. म्हणून कोटेशन एप्रिलच्या आतच मागव आणि मोठी कामं मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घे.

एजन्सीचा माणूस आला की आधी त्याच्याबरोबर इमारत फिर, चहा नंतर. ऑफिसात बसून झालेल्या तपासणीत सगळं नेहमी उत्तमच असतं.

पंपाच्या पॅनलवरचा स्विच ‘ऑटो’वर आहे ना, ते स्वतः बघ. आवाज नको म्हणून कुणीतरी तो ‘मॅन्युअल’वर फिरवून ठेवतं, मग पाइपातला दाब उतरला तरी पंप आपणहून सुरू होत नाही. पंप चालला एवढ्यावर समाधान मानू नकोस. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं होज रील उलगडून पाणी सोडायला लाव. टाकीचं झाकणही काढायला लाव. आगीसाठी राखलेलं पाणी उन्हाळ्यात बागेला गेलेलं असू शकतं.

सिलिंडरवरच्या नव्या स्टिकरला भुलू नकोस. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवाच, पण काटा हिरव्यात असूनही आतली पावडर दमटपणानं बसलेली असू शकते. सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो. गॅस किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. एजन्सीवाल्याला वजनकाटा घेऊनच बोलाव. रिफिलला जायच्या आधी जुने सिलिंडर मैदानावर शिपाई, मावशी आणि शिक्षकांच्या हातून रिकामे करवून घे. वाऱ्याकडे पाठ करायची, पिन काढायची, नळी ज्वाळेच्या टोकाकडे न धरता बुडाशी धरायची, दांडा दाबून नळी दोन्ही बाजूंना फिरवायची. प्रशिक्षण फुकटात होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे वाटा. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या खासगी शाळेत स्वयंपाकघरातली आग वर्गाच्या गवती छपराला लागली आणि 94 मुलं गेली. जिना अरुंद होता. त्याच प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली सांगितलं की शाळेत साधनं हवीत आणि ती वापरायला माणसंही शिकलेली हवीत. तेव्हा जिन्याखाली मोडकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिका, सतरंज्या काहीही ठेवू देऊ नकोस. मीटरच्या खोलीची अडगळ होऊ देऊ नकोस. शाळा भरलेली असताना बाहेर पडायच्या एकाही दाराला कुलूप नको. ‘किल्ली अमक्याकडे असते’ हे उत्तर ऐकूनच घेऊ नकोस, कारण अमका नेमका त्याच दिवशी रजेवर असतो.

कवायत घेशील तेव्हा पहिली सांगून घे, दुसरी न सांगता. दुसऱ्या वेळी ऐनवेळी जाहीर कर की एक जिना धुरानं बंद आहे. खरी घडी किती बसली आहे ते तिथंच कळतं. वर्गशिक्षकानं हजेरीपट हातात घेऊनच उतरायचं आणि मैदानावर गेल्यावर नावं पुकारायची. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची असलेल्या मुलाला कोण उतरवणार, त्याचं नाव आधीच ठरव आणि बदली माणूसही.

फॉर्म बी इमारतीतल्या यंत्रणेचा असतो, स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा नव्हे. हरियाणात डबवालीला 23 डिसेंबर 1995 रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभातच मांडव पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली. मांडववाल्याला दोन रुंद वाटा सोडायला लाव, वायरिंग कापडापासून लांब ठेव आणि स्वागताची कमान बंबाची वाट अडवत नाही ना, तेही बघ. रोजच्या बसगाड्यांनीही बंबाची वाट अडवायची नाही.

शेवटचं. तपासणीत दोष निघाला तर ‘एवढं सांभाळून घ्या’ असं एजन्सीला कधी म्हणू नकोस. उलट तो दोष लेखी माग. त्याच कागदाची प्रत जोडून संस्थेला पत्र दे, त्यावर जावक क्रमांक घाल आणि पोच घे. तोंडी मागणी बैठकीत विसरली जाते. जावक क्रमांकाच्या पत्राला मात्र संस्थेला उत्तर द्यावंच लागतं.