संगणक अडून बसला तर

आता पुष्कळ घरांत संगणक आला आहे. कोणी मुलाच्या शिक्षणासाठी घेतला, कोणी दुकानाच्या हिशेबासाठी. आपल्या तळोज्यात कारखान्यांत नोकरी करणारी मुले आहेत. त्यांनीही घरोघर तो आणून ठेवला आहे. पण मुले सकाळीच कामावर जातात. मागे घरात राहतात आईवडील नि आजीआजोबा. त्यांना सातबारा बघायचा असतो. विजेचे बिल भरायचे असते. आणि नेमका तेव्हाच संगणक अडून बसतो. माणूस घाबरतो. “माझ्याच हातून बिघडला की काय!” असे म्हणतो नि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

असे भिऊ नका. अक्षरांच्या कळा दाबून संगणक मोडत नाही. पुष्कळ वेळा तो बिघडलेलाच नसतो. एखादी कळ चुकून दाबली गेलेली असते, नाहीतर एखादी वायर सैल झालेली असते. ते कसे ओळखायचे ते बघू. (कळफलक हा पुस्तकी शब्द आहे. गावात सगळे कीबोर्ड म्हणतात. आपणही तेच म्हणू.)

संगणक सुरूच होत नसेल तर आधी भिंतीवरचा प्लग बघा. तो नीट बसला आहे का? बटण चालू आहे का? त्याच जागी मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्जरही चालला नाही, तर दोष विजेचा. संगणकाला बोल लावू नका. टेबलावरच्या संगणकाची दोन अंगे असतात, पडदा वेगळा नि पेटी वेगळी. दोघांची बटणे वेगळी असतात. पेटीचा पंखा घरघरतो आहे नि पडदा मात्र काळा, असे झाले तर त्या दोघांमधली वायर दोन्ही टोकांना दाबून बसवा. केर काढताना ही वायर फार वेळा निसटते.

पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले, तर मात्र लगेच प्लग काढा. घरात अर्थिंग नाही किंवा तुटले आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. चप्पल घालून काम चालवू नका. वायरमनला बोलवा. आधी अर्थिंग नीट करून घ्या, मग संगणक लावा. इथे चालढकल केली तर जीव जाऊ शकतो.

पावसाळ्याच्या तोंडाला, आणि पुढे परतीच्या पावसातही, आपल्याकडे विजा कडाडतात. गडगडाट ऐकू आला की काम बंद करा नि प्लग भिंतीतून उपटून ठेवा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. इंटरनेटची वायरही काढा. तिच्यातूनही विजेचा लोंढा आत येऊ शकतो.

आता कीबोर्डकडे वळू. एक कळ चालत नाही, बाकीच्या चालतात, तर तिच्याखाली कचरा अडकला असेल. भाकरीचा तुकडा, विडीची राख, मुंगी, काहीही असते. संगणक बंद करा. कीबोर्ड उलटा धरून हलके हलवा. मऊ ब्रशाने झाडा. सगळ्याच कळा मुक्या झाल्या, तर वायर काढून दुसऱ्या भोकात लावून बघा. बिनवायरचा कीबोर्ड असेल तर त्याचे सेल बदला.

पुष्कळदा कळा चालत असतात, पण भलतेच काही उमटते. याला कारणे चार-पाचच आहेत. सगळी अक्षरे मोठी येत असतील, तर डाव्या हाताची कॅप्स लॉक कळ लागली आहे. ती पुन्हा एकदा दाबा. उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आकडे देत नसतील, तर नम लॉक दाबा. काही जुन्या लहान लॅपटॉपवर उलटे होते. नम लॉक लागले की जे, के, एल दाबल्यावर 1, 2, 3 उमटतात. तिथेही तीच कळ दाबायची. नवे अक्षर घातले की पुढचे अक्षर पुसले जात असेल, तर इन्सर्ट कळ लागली आहे. आणि उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली गेली, तर संगणक विचारतो की कळा सावकाश घेऊ का. न वाचता हो म्हटले, की कीबोर्ड मेल्यासारखा होतो. म्हणून पडद्यावर पाटी आली की आधी ती वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

कॅप्स लॉकने मोठे नुकसान होते ते बँकेच्या कामात. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. अक्षर मोठे पडले की लहान, ते कळत नाही. माणूस पुन्हा पुन्हा तेच मारतो. काही वेळा चुकले की बँक ते खाते संगणकावरून बंद करते. म्हणून एकदा चुकले की थांबा. त्या जागेजवळ डोळ्याचे चित्र असेल तर ते दाबा. मग शब्द उघड दिसतो. मात्र मागे कोणी उभे नाही ना, तेवढे बघा.

आता मराठी लिहिण्याची गोष्ट. कीबोर्डवर अक्षरे इंग्रजी, मग मराठी कशी यायची? इंग्रजी अक्षरांची ही मांडणी दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत टंकयंत्रासाठी झाली. आपल्याकडे गोदरेज कंपनीने 1955 साली टंकयंत्र बनवले. कचेरीच्या दारात टकटक करीत अर्ज लिहून देणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते यंत्र आठवेल. संगणकावर भारतीय भाषा लिहिण्यासाठी सरकारने इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली. 1991 च्या भारतीय मानकात ती आहे. तिची युक्ती चांगली आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क ची कळ मराठीत जी, तीच गुजरातीत, तीच कानडीत. मला तरी ही मांडणी सगळ्यांत सरळ वाटते. (काही संगणकांवर इंग्रजी स्पेलिंग मारले की मराठी अक्षर उमटते. तुमच्या घरी काय आहे ते मुलांना विचारा.)

मराठी येतच नसेल, तर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचे नाव बघा. बहुतेक संगणकांवर खाली चार चौकोनांचे चित्र असलेली कळ असते. ती धरून लांब कळ, म्हणजे स्पेस, दाबली की भाषा बदलते. ही जोडी चुकूनही दाबली जाते. मग माणूस म्हणतो, “काल मराठी येत होते, आज बिघडले.”

आपल्या गावाचे नाव लिहून बघा. एल दाबा, त आला. शिफ्ट धरून एन दाबा, ळ आला. मग ए म्हणजे ओकार, पी म्हणजे ज, ई म्हणजे काना. झाले तळोजा. शिफ्ट धरायची राहिली तर गावाचे होते तलोजा. असे चुकलेले नाव अर्जात गेले, की आधार कार्डावर एक नि अर्जात दुसरे होते. मग अर्ज परत येतो, आणि नव्याने खेटे घालावे लागतात. आडनावात ळ असेल त्यांनी तर फार जपावे. अर्ज पाठवण्याआधी नाव मोठ्याने वाचा, एकेक अक्षर.

दोन ठिकाणी नवा माणूस हमखास अडतो. पहिली वेलांटी. पाटीवर आपण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढतो. संगणकावर आधी अक्षर, मग वेलांटी. किती लिहायचे तर के, एफ, एल, आर. वेलांटी आधी मारली तर ठिपक्यांचे एक गोल उमटते. तो बिघाड नव्हे; अक्षराची जागा रिकामी आहे एवढेच ते सांगते. दुसरे जोडाक्षर. डी दाबली की पाय मोडतो. पत्ता लिहायचा तर एच, एल, डी, एल, ई.

कीबोर्डवर चहा सांडला तर? आधी संगणक बंद करा. टेबलावरचा असेल तर कीबोर्ड काढून उपडा घाला नि दोन दिवस वाळू द्या. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, कळा वाकतात. नाहीच चालला तर नवा काही शेकड्यांत मिळतो. लॅपटॉपचे तसे नाही. त्याच्या कळांखालीच सगळे यंत्र असते. चार्जर काढा, बटण दाबून धरून तो बंद करा, उपडा करा आणि दुकानात न्या. “बघू या चालतो का,” म्हणून सुरू करू नका. आत पाणी असताना वीज गेली की यंत्र जळते.

कधी पडद्यावर एकदम लाल पाटी येते. भोंगा वाजतो. “तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या नंबरावर फोन करा.” तो फोन करू नका. खरी कंपनी असा नंबर देत नाही. ते चोर असतात. दुरुस्तीच्या नावाने ते तुमच्या संगणकात शिरतात नि बँकेतले पैसे काढतात. कळ धरून संगणक बंद करा, नि मुलगा-मुलगी घरी आल्यावर दाखवा. पैसे गेलेच, तर लाज धरून गप्प बसू नका. त्याच घटकेला 1930 या नंबरावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे पळतात.

एवढे करूनही संगणक चालला नाही, तर दुकानात नेण्याची वेळ आली. काय होते आहे ते कागदावर लिहून न्या. केव्हापासून होते, पडद्यावर कोणते शब्द येतात, तेही लिहा. “चालत नाही,” एवढेच सांगितले तर कारागीर चाचपडतो. लग्नाचे फोटो नि घराचे कागद आत असतील तर आधी त्यांची नक्कल काढून ठेवा. पेटी उघडण्याआधी खर्च विचारा. आणि परत घेताना दुकानातच सुरू करा, एकेक कळ दाबून अक्षर उमटते का बघा, मग पैसे द्या.