फ्लूची लस दरवर्षी का बदलते?

प्रश्न : गेल्या वर्षी मी फ्लूची लस घेतली होती. यंदा डॉक्टर पुन्हा घ्या म्हणतात. विषाणूचे पुढचे रूप संगणकाला आधीच सांगता येत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडेफार येते. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या सुधारत नाही. त्याच्या हिमॅग्लुटिनिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचे जनुक साधारण १,७०० अक्षरांचे. जगभरच्या नमुन्यांतली ही अक्षरे संगणक शेजारीशेजारी मांडतो, फरक मोजतो आणि वंशवृक्ष काढतो. जी फांदी झपाट्याने फोफावते, तिच्यावर नजर ठेवायची. मात्र सगळे फरक सारख्या तोलाचे नसतात. १९६८ ते २००३ या काळात एच३एन२ या फ्लू-विषाणूच्या उपप्रकाराने आपल्या प्रतिकारशक्तीला जे मोठे चकवे दिले, ते मुख्यतः या प्रथिनातल्या सातच जागांवरच्या बदलांमुळे, असे २०१३ मधल्या संशोधनात दिसले. म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंडांच्या चाचणीला पर्याय नाही.

जागतिक आरोग्य संघटना लसीतले विषाणू फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी सुचवते. लस बनायला सहाएक महिने लागतात. तेवढ्यात विषाणू पुढे सरकतो. शिवाय लसीचे संरक्षणही ओसरते. तेव्हा डॉक्टरांचे ऐका, आणि लस कोणत्या हंगामाची आहे, ते वेष्टनावर पाहून घ्या.